निवलेला चहा

“पोरी, आज प्याला भरून दे. आणि जरा निवू दे.”

सकाळच्या चहाला सासरे एवढंच म्हणाले, आणि तोर्गिनचा हात समोवाराच्या, चहाच्या बंबाच्या, तोटीवर होता तिथंच थांबला. लग्न होऊन ती कझाकस्तानातल्या अतिराऊ शहरातल्या या चौथ्या मजल्यावरच्या घरात आली, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ती या माणसाला चहा ओतत होती. सासऱ्यांना ती अतेके म्हणे, आणि अतेकेंचा चहा कसा, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. तळाला दूध, त्यावर काळाकुट्ट अर्क, त्यावर खळखळतं पाणी, आणि प्याला अर्ध्याच्या खालीच. अर्धा प्याला गरम असतानाच संपतो, रिकामा होऊन परत येतो, पुन्हा ओतला जातो. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात सारखे भेटत राहतात, त्यालाच मान म्हणायचं. काठोकाठ भरलेला प्याला पुढे आला की पाहुणा काय ते समजतो आणि टोपी शोधायला लागतो. आणि निवलेला चहा तर अतेकेंनी जन्मात घेतला नव्हता. उमेदीची सगळी वर्षं कास्पियन समुद्रावर मासेमारीच्या बोटीचे कप्तान म्हणून गेलेली; तिथल्या वाऱ्यात चहा निवायच्या आत पोटात गेला पाहिजे, ही सवय घरीही तशीच राहिली होती. ओठाला चटका बसला नाही तर प्याला परत करायचे, आणि वर सगळ्यांसमोर फिरकी घ्यायचे, “सूनबाई, हा आधी कुणी पिऊन ठेवला होता का?” तोच माणूस आज म्हणत होता, निवू दे.

तिने प्याला भरून दिला. तोंडात मारल्यासारखं झालं. कारण तिच्या मनात आधीच चोर होता. दोनच दिवसांपूर्वी मार्चमधल्या नौरीझच्या सणाचे पाहुणे पांगल्यावर ती स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. “माझं काय विचारतेस, माझा जन्म चाललाय समोवारापाशी. मेले की थडग्यावर एक तोटी बसवा म्हणजे झालं,” असं म्हणाली होती आणि दोघी खिदळल्या होत्या. मग वळून पाहिलं तर दार उघडं, आणि बोळातून सपातांचा आवाज लांब जात होता. ऐकलं असेल? ऐकलंच असेल. आणि म्हातारा कप्तान, भांडणं त्याच्या स्वभावात नाही. त्याने हे असं सांगितलं. भर प्याला, सुटलीस तू. घर त्याचं होतं, त्यामुळे उठून जायचं असलं तर तिनेच जायचं होतं. किंवा तो म्हणत असेल, तुझ्या हातच्या चहाची आता मला गरज नाही, ठेव एकदाचा आणि हो बाजूला. दिवसभर पडद्यांच्या दुकानात कापड मापताना ती हेच उलटसुलट करत राहिली. एका गिऱ्हाइकाचा पडदा वीतभर आखूड कापला आणि मालकिणीची बोलणी खाल्ली. आईवडिलांनी कधी आवाज चढवला नव्हता अशा घरातून ती आली होती. तिला शब्द लागत नसे, शब्दामागचं लागत असे.

मग तिनेही मनाला लावून घेतलं. तिचा नवरा एरसायन तेलाच्या विहिरींवर, एक महिना तिकडे आणि एक महिना घरी. तो तिकडे असला की घरात ती, तिची मुलगी, म्हणजे अतेकेंची नात, आणि अतेके. पूर्वी सकाळच्या चहाला म्हातारा बोटीवरच्या गप्पा सांगे, ती मधूनमधून टोमणा मारी, नात हसे. ते सगळं थांबलं. ती प्याला भरायची, मुद्दाम निववायची, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवायची आणि मान खाली घालायची. अदब इतकी की बघणाऱ्याला वाटावं, काय गुणाची सून आहे. खरं तर ती जळत होती. अतेके पाव चहात बुडवून बुडवून, पार लगदा करून खायला लागले. तिला वाटलं, माझा पाव कडक झाला हे दाखवतायत. तळलेले पिठाचे गोळे, बावरसाक, ताटात तसेच राहायला लागले. तिला वाटलं, बघा, आता माझ्या हातचं खातसुद्धा नाहीत. मटणाचे तुकडे गुपचूप नातीच्या ताटात सरकायचे. जेवण झालं की ते गॅलरीच्या काचेपाशी उभे राहायचे, पाठमोरे, आणि घसा खाकरत राहायचे. त्या आवाजाने तिच्या डोक्यात तिडीक जायची. एकदा धुवायला काढलेल्या पँटच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक दिसलं, आतल्या बाजूला, आणि शेजारी आणखी एक. तेव्हासुद्धा तिच्या मनात काय यावं? उपाशी राहून माझं नाव खराब करतोय म्हातारा. आता लोक म्हणणार, तोर्गिन सासऱ्याला जेवू घालत नाही. माणूस दुखावला की किती मूर्ख होतो, याला काही सीमा नाही.

मे महिना सरता सरता शेजारच्या जिन्यातल्या घरी नातवाच्या बारशाची मेजवानी होती. अतेके तिथे सगळ्यांत वडील, म्हणून बसायला मानाची जागा. जेवण रंगात आल्यावर यजमानाने रिवाजाप्रमाणे मोठी परात पुढे घेतली, उकडलेलं मांस आणि मेंढीच्या शेपटीची चरबी पंजाभर उचलली आणि आधी त्यांच्याच तोंडात घातली. हा घास नाकारायचा नसतो, थुंकायचा तर नसतोच. सगळे हसत होते, “घ्या कप्तान, गिळा!” तोर्गिन दाराशी बायकांच्या रांगेत उभी होती. तिने त्यांचा चेहरा पाहिला. जबडा हलत होता, थांबला, पुन्हा हलला. मग त्यांनी जवळचा चहा ओढून एक मोठा घोट घेतला, आणि डोळे एकदम विस्फारले. त्यांनी छातीच्या मधोमध मूठ दाबली. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून हसायचा प्रयत्न केला, उठले, टोपी सारखी केली आणि सावकाश बाहेर पडले. ती त्यांच्या मागोमाग गेली. गॅरेजांच्या मागे ते भिंतीला हात टेकून वाकले होते. घास जसाच्या तसा बाहेर पडला होता, आणि त्याच्यामागून पांढऱ्या फेसाची लांबच लांब तार, तुटेचना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रुसलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

त्या क्षणी तिला बीबीझार आजी आठवली. लहानपणी तोर्गिन झायिक नदीच्या मुखाशी, लव्हाळ्यांच्या गावात राहायची, तिथली शेजारीण. आजीला खायला येईनासं झालं होतं. ती गल्लीतल्या पोरांना हाका मारून घरात घ्यायची, पुढ्यात मलई, पाव, खारवलेला मासा मांडायची आणि म्हणायची, “खा रे, मी बघते.” पोरं खायची आणि ती त्यांच्या गळ्यांकडे एकटक बघत बसायची; कुणी गिळलं की तिचाही गळा हलायचा, रिकामाच. त्या दुखण्याला त्यांच्याकडे नाव आहे, किलतामाक, पण घरातली माणसं ते उच्चारत नाहीत. ज्याला झालंय त्याच्यासमोर तर नाहीच. त्या गावात हे दुखणं इतक्या घरांत येऊन गेलं होतं की लोक ते दुरूनच ओळखायचे, पाव बुडवायला लागला की ओळखायचे. तोर्गिननेही ओळखायला हवं होतं. रोज तीन वेळा समोर बसत होती. भरलेला प्याला, निवलेला चहा, लगदा केलेला पाव, पट्ट्याची भोकं, एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून गेली होती, आणि तिने प्रत्येकीवर आपल्याच अपमानाचं नाव लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना इस्पितळात घेऊन गेली. ते निमूट आले, एवढे निमूट की तिला भीती वाटली. एरसायन तेलाच्या विहिरींवर होता, त्याला फोनवर एवढंच सांगितलं की पोटाची तपासणी आहे. डॉक्टर बालझिया बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा केसांत खोचलेला, बोलणं तुटक. त्यांनी घशात औषध फवारलं आणि दुर्बिणीची काळी नळी तोंडातून आत सोडली. तोर्गिनला बाहेर बसवलं होतं, पण दाराच्या फटीतून त्यांचे पाय दिसत होते. मोजे तिनेच धुतलेले. उबळ आली की पायाची बोटं आखडत. नळी छातीच्या मध्यापर्यंत गेली आणि पुढे जाईना. तिथे अन्ननलिकेत गाठ वाढली होती, पेन्सिलीएवढीच वाट राहिली होती. डॉक्टरांनी चिमट्याने गाठीचे तुकडे काढून तपासणीला पाठवले. नंतरचा आठवडा तोर्गिनने कसा काढला ते तिचं तिला माहीत. तिला स्वतःची लाळसुद्धा सहज गिळता येईना. प्रत्येक घोटाला ती आतून कान देऊन ऐकायची, उतरला का, अडकला का. दुकानात, रस्त्यात, पुलावरच्या बसमध्ये तिचं लक्ष लोकांच्या गळ्यांकडे जायचं. केवढी माणसं काही विचार न करता गिळत होती. रात्री ती सासऱ्यांसाठी कढण पातळ करून गाळून ठेवायची, आणि ते “छान झालंय” म्हणायचे. पूर्वी कधी छान म्हणाले नव्हते.

तपासणीचं उत्तर आलं, छातीचा आणि पोटाचा स्कॅन झाला, आणि डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत बोलावलं. तिकडे तसंच करतात. रोग्याला नाही, घरच्यांना सांगतात. “कॅन्सर आहे,” बाई म्हणाल्या. “यकृतात नाही, फुप्फुसात नाही. शेजारच्या लसिकेच्या दोन गाठी सुजल्यात, तिथवर पोचलंय. अजून इलाज करण्यासारखं आहे. आधी दीडेक महिना औषधं आणि किरणं एकदम द्यायची, गाठ आक्रसते. मग ऑपरेशन. खराब नळी काढायची आणि जठराची नळी करून वर ओढून जोडायची. सोपं नाही. पण हृदय चांगलं आहे त्यांचं, समुद्रावरचं.” मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “चहा किती गरम घेतात?”

“उकळता.”

“बोटीवरची सवय असेल. तंबाखू, खारवलेला मासा, सगळंच असतं त्यात. पण चहानेही नळी रोज भाजते. घरी कोण ओततं?”

“मी,” तोर्गिन म्हणाली.

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी, रोज, उकळी फुटलेली आहे ना बघून, कौतुक व्हावं म्हणून. तिच्याआधी सासू ओतत होती, त्याआधी बोटीवरचा आचारी, हे तिला कळत होतं. पण मन असले हिशेब ऐकून घेत नाही. एरसायनचा फोन लागला तेव्हा तो ओरडला, “त्यांना सांगू नकोस हं, खबरदार! अल्सर म्हण.”

“अल्सरसाठी दीड महिना किरणं घेतील का ते? ऑपरेशन करून घेतील?”

“घेतील. तू नीट सांग. बाबांच्या आईला कळलं आणि तिने आठ दिवसांत हाय खाल्ली, ठाऊक आहे ना? बाबा तेव्हा होते तिथे. ते नाव कानावर पडलं तर खलास होतील. तोर्गिन, माझ्या गळ्याची शपथ.”

तिने अल्सर सांगितलं. आणि व्हायचं तेच झालं. डॉक्टरांच्या खोलीत अतेकेंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टोपी गुडघ्यावर ठेवून. मग म्हणाले, “अल्सरला एवढा खटाटोप कशाला, डॉक्टर? मला माझ्या किनाऱ्यावर जाऊ द्या. उन्हाळा आहे. तिथे बसून राहीन.” डॉक्टरांनी समजावलं, चिडल्या, चष्मा केसांतून काढून पुन्हा खोचला. शेवटी म्हणाल्या, “त्यांच्या संमतीशिवाय मी सुरू करू शकत नाही. बाहेर जाऊन बोला. मी जेवायच्या सुट्टीपर्यंत आहे.” आणि तोर्गिनकडे असं पाहिलं की त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता.

बाहेरच्या लांब बोळात फिनाइलचा वास होता, आणि खिडकीबाहेर पोपलरचा कापूस उडत होता. अतेके बाकावर बसले नाहीत. “चल घरी,” म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. तोर्गिन मागे उभी राहिली. एकीकडे नवऱ्याची शपथ, बीबीझार आजी, सगळं गाव, ज्यांनी आपापल्या माणसांना खोटं सांगत सांगत पोचवलं होतं आणि त्यालाच माया म्हटलं होतं. दुसरीकडे एवढंच की हा माणूस खाली उतरला तर पुन्हा वर येणार नाही. एकदा तिला वाटलं, जाऊ दे, त्यांच्या मनासारखं होऊ दे, किनाऱ्यावर बसू देत. पण ते मन त्यांचं कुठे होतं? ते तर अल्सरवर बेतलेलं होतं. तिला एकदम राग आला, स्वतःचा, एरसायनचा, त्या बोळाचा. ती धावत गेली आणि जिन्याच्या तोंडाशी त्यांच्यापुढे आडवी उभी राहिली. सुनेने सासऱ्याची वाट कापायची नसते. खालून येणारी एक म्हातारी जागच्या जागी थांबून बघायला लागली.

“अतेके, अल्सर नाही,” ती म्हणाली. “किलतामाक आहे. पण डॉक्टर म्हणतात, अजून इलाज आहे. अल्सर मी खोटं सांगितलं.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

“किलतामाक आहे ते मला ठाऊक आहे, पोरी,” ते म्हणाले. “तू तर वसंतापासून मला सांगतेच आहेस.”

“मी?”

“तूच. अल्सर म्हणालीस तेव्हा माझी खात्रीच पटली.” त्यांनी कठड्यावर हात टेकला. “माझी आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. तिला कुणी काही बोललं नाही. पण घर एका दिवसात बदललं. भांडणं बंद. टोमणे बंद. सगळे मान खाली घालून तिच्यापुढे दोन्ही हातांनी ताट ठेवायला लागले. ती मला म्हणाली, बाळ, घराला कळलंय, मला लवकर जावं लागणार. मार्चमध्ये मला घास लागायला लागला. म्हटलं, कुणाला कळू नये. प्याला सारखा पुढे करायला नको, भरून घेऊ, निवत पडेल, हळूहळू पिऊ. आणि दुसऱ्याच दिवसापासून तू बोलायची बंद झालीस. अदबीने वागायला लागलीस! तू! मी म्हटलं, सूनबाईने ओळखलं. एरसायनलाही सांगितलं असणार. डॉक्टरला विचारून झालं असणार. ज्या अर्थी मला कुणी इस्पितळात नेत नाही, त्या अर्थी काही उरलेलं नाही. मग कशाला तुम्हाला त्रास देऊ?”

तोर्गिनने भिंत धरली. एवढे दिवस एका ताटाच्या दोन बाजूंना बसून त्यांनी एकमेकांची गप्प बसण्याची पद्धत वाचली होती, आणि दोघांनीही चुकीची.

“मला काही कळलं नव्हतं, अतेके,” ती म्हणाली. “मला काहीसुद्धा कळलं नव्हतं. मी रुसले होते.”

“रुसली होतीस?”

“तुम्ही प्याला भरून मागितलात. मला वाटलं, तुम्ही मला जा म्हणताय. ते मी फोनवर म्हणाले होते ना, समोवाराचं, थडग्यावर तोटी… तुम्ही ऐकलंत म्हणून.”

अतेके तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. तिला वाटलं, उबळ आली. ती पुढे झाली. पण ते हसत होते. छातीवर मूठ दाबून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होते. खाली उभी असलेली म्हातारी घाईघाईने वर निघून गेली.

“ऐकलं होतं की! त्यात रुसण्यासारखं काय?” ते कसेबसे म्हणाले. “माझी म्हातारी त्याहून वाईट बोलायची. ती म्हणायची, नवऱ्याऐवजी समोवाराशीच लग्न लावलं असतं तर निदान तो रात्री थंड तरी होतो.” मग हसता हसता ते थांबले, आणि तिच्याकडे पुन्हा एकदा, वेगळ्याच नजरेने पाहिलं. “म्हणजे तू नुसती रुसली होतीस. आणि मी मरायची तयारी करत होतो.”

तिला रडू आवरेना. इतके आठवडे. हातात होते, चहासारखे निवत ठेवून दिले. तिने भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काय मागावं ते तिला सुचलं नाही, क्षमा मागावी तर ती कशाने मोजून.

“पुरे,” ते म्हणाले. “डॉक्टरीण जेवायला जाईल. चल.”

डॉक्टर खरंच पर्स घेऊन उठल्या होत्या. अतेके आत शिरले, न सांगता खुर्चीत बसले आणि टोपी टेबलावर ठेवली. “डॉक्टर, खोटं पुरे झालं. मला नीट सांगा. जठर वर ओढणार म्हणजे कुठपर्यंत? मग मी मासा खाऊ शकेन का? आडवा झोपू शकेन का?” बालझिया बाई परत बसल्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. थोडं थोडं, पण बऱ्याचदा खावं लागेल. उशी उंच लागेल. किरणांनी घसा आतून सोलवटेल, तेव्हा काही दिवस पोटातून नळीने अन्न द्यावं लागेल. आणि ऑपरेशननंतर सगळेच जगतात असं नाही. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते, वादळाचा अंदाज ऐकावा तसे. तोर्गिन भिंतीशी उभी होती. शेवटी त्यांनी सही केली आणि पेन परत देता देता सहज विचारून गेले, “आणि डॉक्टर, हेच मी मार्चमध्ये आलो असतो तर?”

विचारून झाल्यावर त्यांनाच ते कळलं असावं. डॉक्टर उत्तर द्यायला लागल्या होत्या. “मार्चमध्ये त्या दोन गाठी कदाचित—”

अतेकेंनी हात वर केला.

“राहू द्या,” ते हळूच म्हणाले. “हिच्यासमोर नको.”

बालझिया बाईंनी तोर्गिनकडे पाहिलं, चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि किरणांची पहिली तारीख लिहायला घेतली.